बऱ्हाट्यांचं निवडलेलं कुटुंब

रतिलाल बऱ्हाट्यांना रडू आलं ते पान तीनशे बारावर. घरी आलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण ते आलं जळगावच्या एका वाचनालयात, सकाळी साडेदहाला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या अकरा मुलामुलींच्या देखत. रुमाल सापडेना म्हणून त्यांनी चष्मा पुसायचा बहाणा केला. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसायला गेले तर पोट उघडं पडलं, आणि समोरच्या मुलीने भूगोलाचं पुस्तक उभं धरून तोंड लपवलं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला हा प्रसंग शोभणारा नव्हता.

कादंबरी तशी साधी होती. एका बंद पडलेल्या टपाल कचेरीत चार माणसं भाड्याने राहायला येतात. एक निवृत्त पोस्टमन, एक शिवणकाम करणारी बाई, एक एसटीचा कंडक्टर आणि एक म्हातारा पहिलवान. रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी नाही. भांडतात, एकाच शेगडीवर चहा करतात, रुसतात. पान तीनशे बारावर पहिलवान दवाखान्यात पडतो, काउंटरवरची बाई विचारते, "पेशंटचे नातेवाईक कोण?" आणि तिघंही एकदम हात वर करतात. बस. लेखिकेने पुढे एक ओळ जास्तीची लिहिलेली नव्हती. पण या पुस्तकाला वाचनालयात सात महिन्यांची प्रतीक्षायादी होती, आणि ग्रंथपालबाई ते देतानाच सांगत, "शक्यतो घरी वाचा." बऱ्हाट्यांनी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या रडण्याला वाङ्मयाखेरीज आणखी एक कारण होतं, आणि ते त्याच पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं होतं. धुळ्याच्या एका दवाखान्याचा छापील अर्ज. बऱ्हाट्यांना हर्निया झाला होता, ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं, आणि अर्जात रकाना सात होता नातेवाईकाच्या नावाचा, आठ होता रुग्णाशी असलेल्या नात्याचा आणि नऊ सहीचा. तिन्ही रिकामे होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नरडाण्याला एक चुलतभाऊ होता, पण एका लग्नात त्याच्या डोक्याला आहेराची टोपी लहान झाली, ती मुद्दाम लहान आणली असा त्याचा समज झाला, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली होती. जळगावात काय दवाखाने कमी आहेत, असं कुणी विचारील. मुळीच कमी नाहीत. पण जळगावच्या प्रत्येक दवाखान्यात कुणीतरी ओळखीचं भेटतं, आणि ते पहिला प्रश्न विचारतं, "बरोबर कोण आलंय?" त्या प्रश्नाला घाबरून बऱ्हाट्यांनी नव्वद किलोमीटरवरचा डॉक्टर शोधला होता.

तर पान तीनशे बारा वाचून, नाक पुसून बऱ्हाटे घरी आले ते एक निश्चय करूनच. कुटुंब निवडता येतं. आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

त्यांनी फुलस्केप कागद घेतला, समास पाडला आणि निवडीला बसले. बहीण म्हणून तळमजल्यावरच्या झुंबरबाई. वय सत्तर, अमळनेरकडच्या खेड्यातल्या, मुलाकडे राहायच्या, आणि दर दोन दिवसांनी "भाऊ, हाई खाई ल्या" म्हणून वाटी आणून द्यायच्या. मुलगी म्हणून समोरच्या फ्लॅटमधली सून चेलना, कारण तिने एकदा जिन्यात अतिशय मायेने विचारलं होतं, "काका, जेवलात का?" भाऊ म्हणून रिक्षावाला सुकदेव. तो वाचनालयाबाहेर न सांगता थांबायचा. बाकी इमारतीवरून त्यांनी दोनदा नजर फिरवली आणि खाली रेघ मारली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. तोंडी सांगून मोकळे झाले असते तर ठीकच राहिलं असतं. पण बऱ्हाट्यांना तोंडी गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांनी तिघांना पत्रं लिहिली, प्रत्येकावर जावक क्रमांक टाकला, दोन दाराखालून सरकवली आणि तिसरं सुकदेवच्या हातात दिलं.

झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या लक्षात नव्हती. झुंबरबाई पत्र घेऊन पार्किंगमध्ये गेल्या, कारण तिथे प्रकाशचंद बसलेले असत. प्रकाशचंद म्हणजे सोसायटीचे चेअरमन, कापडाचे व्यापारी, चेलनाचे सासरे. दुकान मुलाकडे दिल्यापासून ते सकाळी खुर्ची टाकून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, जाहिरातींसकट. त्यांचा आवाज सपाट आणि दमदार होता.

"भाऊ, हाई काय लिखेल शे, वाची दाखाडा," झुंबरबाई म्हणाल्या.

प्रकाशचंदांनी वाचलं. दुधाची पिशवी घ्यायला आलेले सातआठ लोकही उभे राहून ऐकू लागले. "विषय, निवडलेल्या कुटुंबात समावेश करणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार यांनी इमारतीतील सर्व रहिवाशांचा साकल्याने विचार केला असता, आपण बहीण या पदासाठी योग्य आढळला आहात. इतर रहिवाशांपैकी कोणीही..." इथे प्रकाशचंद थांबले, चष्मा वर केला, आणि एकदा सुरू केलेलं वाचन अर्धवट सोडायची सवय नसल्यामुळे पुढे गेले, "...कोणीही योग्य आढळले नाही. रविवारी दुपारी साडेबारा वाजता जेवणास उपस्थित राहावे."

बऱ्हाटे त्या वेळी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं. तांब्या रिकामा झाल्यावरही ते बराच वेळ तो तसाच तिरपा धरून उभे होते.

पुढच्या तीन दिवसांत त्यांना खाली उतरणं अवघड झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकांनी जिन्यात गाठून विचारलं, दुसरी यादी कधी लागते. एका बाईंनी सल्ला दिला की नातेवाईक निवडताना रक्तगट बघून घ्यावा, पुढे उपयोगी पडतो. आणखी एकांनी सुचवलं की सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलावून नेमणुकांना मंजुरी घ्यावी, नाहीतर उद्या कुणीही उठून कुणालाही आत्या करील. प्रकाशचंद मात्र काहीच बोलले नाहीत, आणि ते जास्त भयंकर होतं. शेवटी शुक्रवारी पाण्याच्या टाकीपाशी ते समोरासमोर आले.

"बऱ्हाटेसाहेब, मला काही म्हणायचं नाही," प्रकाशचंद म्हणाले. "तुमची मर्जी. फक्त निकष काय लावले तेवढं सांगा."

"निकष असे काही..."

"सोळा वर्षं मोटर बंद करायला मीच खाली येतो. तुमची टाकी भरून वाहू नये म्हणून. ते निकषात बसत नाही, एवढंच समजून घेतो." आणि ते गेले. सोळा वर्षं मोटर आपोआप बंद होते अशीच बऱ्हाट्यांची समजूत होती.

त्याच दुपारी प्रकाशचंदांच्या पत्नी धापूबाई आल्या. बऱ्हाटे दार उघडून भिंतीला टेकूनच उभे राहिले. धापूबाई चिडलेल्या नव्हत्या. त्या चौकशीला आल्या होत्या.

"आमच्या सुनेला बाप आहे. राजस्थानात, ब्यावरला असतात," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आणखी एक व्हायचं म्हणता, तर चांगलं आहे. फक्त रीत माहीत पाहिजे. सणाला बोलावणं आलं पाहिजे. उन्हाळ्यात महिनाभर माहेरी न्यायला लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तुमच्याकडे गरम पाण्याची सोय आहे?"

"गीझर आहे," बऱ्हाटे म्हणाले.

सुकदेव शनिवारी आला तो आधारकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन. त्याला ही सरकारी योजना वाटली होती. "साहेब, तुम्ही कचेरीतले, म्हणून विचारतो," तो आवाज खाली आणून म्हणाला. "भावाच्या कोट्यात जास्त अर्ज आहेत का? चुलतभावात टाकलं तरी चालेल."

रविवार उजाडला. भरीत करायचं ठरलं होतं. पण चेलनाकडचे जैन, त्यांना वांगं चालत नाही, लसूण चालत नाही, हे आठवलं आणि बऱ्हाट्यांनी वरण-बट्टीचा घाट घातला. बट्ट्या दगडासारख्या झाल्या. झुंबरबाईंनी एक बट्टी हातात घेऊन ताटलीवर आपटून पाहिली, काही न बोलता ती वरणात बुडवून ठेवली आणि मऊ व्हायची वाट बघत बसल्या. सगळेच वाट बघत बसले. कादंबरीतली चार माणसं दोन प्रकरणांच्या मध्ये जेवताना काय बोलत असतील, हे लेखिकेने कुठेच लिहिलं नव्हतं, आणि बऱ्हाट्यांना ही त्या पुस्तकातली फार मोठी त्रुटी वाटली.

शेवटी चेलनाच म्हणाली, "काका, एक सांगू? रागावणार नाही ना? त्या दिवशी जिन्यात मी 'जेवलात का' विचारलं ना, तेव्हा माझ्या कानात फोन होता. मी ब्यावरच्या काकांशी बोलत होते."

"असं होय," बऱ्हाटे म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, हो, दोडक्याची भाजी केली होती. मग मला काही सुचेचना."

सुकदेव ताटात बघू लागला. झुंबरबाईंना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी चेलनाला सगळं पुन्हा सांगायला लावलं. बऱ्हाटे अर्ज आणायला तीनदा आतल्या खोलीत गेले. पुस्तक उशाशीच होतं. पण प्रत्येक वेळी दारापर्यंत येऊन ते परत फिरले. एकदा तूप घेऊन आले, एकदा पाणी, आणि तिसऱ्यांदा काहीच न घेता. तीन माणसांना बोलावून, दगड खायला घालून, वर सही मागायची, आणि तीही कसल्या ऑपरेशनची, तर हर्नियाच्या. दोन बायकांसमोर ती जागा सांगायची तरी कशी? दीडला सगळे उठले. चेलनाने बट्टी छान झाली होती असं सांगितलं. ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

सोमवारी सकाळी इमारतीच्या फलकावर नवं पत्र लागलं. निवडलेल्या कुटुंबातील सर्व नेमणुका तात्काळ प्रभावाने रद्द करण्यात येत आहेत, रहिवाशांना झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगिरी. मग बऱ्हाटे तडक वाचनालयात गेले आणि कादंबरी परत करून टाकली. ग्रंथपालबाईंनी विचारलं, "कशी वाटली?" ते म्हणाले, "अवास्तव आहे."

गुरुवारी पहाटेच्या एसटीने ते एकटे निघाले. रात्रीपासून पोटात पाणीही नव्हतं, कारण उपाशीपोटी या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पारोळा गेलं तसं त्यांना वाटू लागलं की आपल्याला उलटी होणार. उलटी झाली तर ऑपरेशन रद्द होईल का? रद्द झालं तर बरंच. पण मग पुन्हा सगळी तयारी? आणि समजा ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आलोच नाही, तर दवाखाना फोन कुणाला करील? फोनमध्ये पहिलं नाव होतं 'अंकुश गॅसवाला'. त्यांनी बसमध्येच फोन काढला आणि त्या नावाकडे बराच वेळ पाहिलं.

धुळ्याच्या दवाखान्यात काउंटरवर एक मध्यमवयीन माणूस बसला होता. त्याने वर न बघता हात पुढे केला. "अर्ज."

बऱ्हाट्यांनी पिशवीत हात घातला. टॉवेल, पायजमा, रिपोर्टांची फाइल, टूथब्रश. अर्ज नव्हता. त्यांनी सगळं बाकावर काढलं, पायजमा झटकला. मग त्यांना आठवलं. अर्ज पान तीनशे बारावर होता, आणि पुस्तक वाचनालयात.

"दुसरा मिळेल का?"

"मूळ अर्ज लागतो. त्यावर डॉक्टरांची तारीख असते. बरोबर कोण आहे?"

चौतीस वर्षं बऱ्हाट्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूने लोकांना मूळ कागद आणायला परत पाठवलं होतं. बाहेरच्या बाजूने काच एवढी उंच दिसते हे त्यांना माहीत नव्हतं. "येतायत," ते म्हणाले. हे धडधडीत खोटं होतं. ते बाकावर जाऊन बसले आणि साठाव्या वर्षी दवाखान्यातून पळून जाणं कितपत शोभेल याचा विचार करू लागले.

वीसेक मिनिटांनी दारातून एक ओळखीचा सपाट आवाज आला. "कृपया चपला बाहेर काढाव्यात. शांतता राखा. थुंकू नये." प्रकाशचंद पाट्या वाचत आत येत होते. त्यांच्या मागे धापूबाई चार खणांचा डबा घेऊन, चेलना, झुंबरबाई, आणि गाडीची किल्ली हातात घेतलेला सुकदेव. प्रकाशचंद गाडी चालवताना रस्त्यावरच्या पाट्याही वाचतात, म्हणून घरचे त्यांना चालवू देत नसत.

"तुम्ही?" बऱ्हाटे म्हणाले.

प्रकाशचंदांनी काखेतून ती कादंबरी काढली. "वाचनालयाच्या पडद्यांचं कापड दर वर्षी आपल्याकडून जातं. म्हणून मंगळवारी नंबर लावून दिला त्यांनी. सुकदेवकडून कळलं, हे पुस्तक वाचल्यापासून तुमचं सुरू झालं. म्हटलं, निकष काय आहेत ते तरी बघू." त्यांनी पुस्तक उघडून अर्ज बाहेर काढला. "हा काल रात्री जेवताना पडला. तारीख आजची. पहाटे तुमची बेल वाजवली तर तुम्ही निघालेले. एवढी वाकडी वाट कशाला करायची, बऱ्हाटेसाहेब? सांगायचं ना."

"तुमची निवड झालेली नव्हती," बऱ्हाटे पुटपुटले.

"ती कुणाचीच नाही आता. फलकावर वाचलं मी. मोठ्याने वाचलं."

अर्ज आला, तर रकाने भरायचे कुणी, हा प्रश्न उभा राहिला. झुंबरबाईंनी अंगठ्याला शाई लावून घेतली आणि म्हणाल्या, आधी काय लिखेल शे ते वाचा. प्रकाशचंदांनी संपूर्ण अर्ज, बारीक अक्षरांतला भागही, वाचून दाखवला. प्रतीक्षागृहातले सगळे ऐकत होते. "शस्त्रक्रियेदरम्यान वा नंतर रुग्णास काही बरेवाईट झाल्यास त्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत व आमची कोणतीही हरकत राहणार नाही."

झुंबरबाईंनी अंगठा मागे घेतला. "हाई मी नही देस."

"का हो आजी?" काउंटरवाला म्हणाला. "सगळेच देतात."

"देत व्हतीन. हाऊ माणूस मरी गया ते माले हरकत नही, असं मी कसाले लिही देऊ? माले हरकत शे."

"बरोबर आहे," धापूबाई म्हणाल्या. "आम्हालाही आहे."

सुकदेव म्हणाला, त्यालाही आहे. काउंटरवाल्याने पेन खाली ठेवलं. वीस वर्षांत हरकत असलेला नातेवाईक त्याला भेटला नव्हता. तो आत डॉक्टरांना विचारायला गेला, आणि तोपर्यंत नर्सने बऱ्हाट्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, तर ते एकशे ऐंशीवर गेलेलं. या परिस्थितीत ऑपरेशन होणार नाही, असं ती म्हणाली. मग प्रत्येकाने उपाय सुचवला. धापूबाईंनी डोळे मिटून नामस्मरण करायला सांगितलं, सुकदेवने उताणं झोपायला, चेलना फोनवर काहीतरी शोधून वाचू लागली, आणि प्रेशर एकशे नव्वद झालं. नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं. एकट्या प्रकाशचंदांना राहू दिलं, कारण ते कोपऱ्यात बसून पुस्तक वाचत होते.

ते अर्थातच मोठ्याने वाचत होते. पोस्टमन रुसला होता, शिवणकामवाल्या बाईने त्याची बटणं लावून दिली होती, आणि प्रकाशचंदांच्या आवाजात या सगळ्याचं एखादं सोसायटीचं इतिवृत्त झालं होतं. चाळीस पानांनी बऱ्हाट्यांचा डोळा लागला. ते झोपेत असतानाच नर्सने पुन्हा मोजलं. एकशे चाळीस.

डॉक्टर आले, त्यांनी बऱ्हाट्यांना उठवलं आणि अर्ज पाहिला. "तुमची स्वतःची सही आहे ना? मग झालं," ते बऱ्हाट्यांना म्हणाले. "नातेवाईक आम्हाला सहीसाठी कमी आणि नंतर उशाशी बसायलाच जास्त लागतो. बाहेर लिहू द्या त्यांना काय लिहायचं ते."

बऱ्हाट्यांना भुलीतून जाग आली तेव्हा खिडकीत दुपारचं ऊन होतं आणि खाटेशेजारी प्रकाशचंद बसले होते. त्यांचे डोळे लाल होते, नाक लाल होतं, आणि हातातल्या रुमालाचा बोळा झाला होता. बऱ्हाट्यांनी ओळखलं, सांगायलाही धजत नाहीत एवढं वाईट झालं असणार.

"खरं सांगा," ते कोरड्या तोंडाने म्हणाले. "किती दिवस?"

"कसले दिवस?" प्रकाशचंदांनी नाक पुसलं. "तुमचं झालं कधीच. हे तीनशे बारावं पान." आणि त्यांना पुन्हा भरून आलं.

मग चेलनाने अर्ज आणून दाखवला. छापील 'हरकत राहणार नाही'मधला 'नाही' खोडलेला होता आणि शेजारी तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आमची सक्त हरकत राहील.' खाली चार सह्या आणि एक निळा अंगठा. रुग्णाशी नाते या रकान्यात काय लिहायचं यावर बाहेर पाऊण तास वाद झाला होता म्हणे. शेवटी काउंटरवाल्यानेच कंटाळून शब्द सुचवला होता, 'हरकतदार'. बऱ्हाट्यांनी तो कागद दोनदा वाचला. चष्मा नव्हता, म्हणून अक्षरं पुसट दिसत होती, असं ते नंतर सांगत.

संध्याकाळी नर्स हातात एक पिवळा पास घेऊन आली. "पेशंटजवळ एकालाच थांबता येईल. बाकीच्यांनी निघा."

कुणी हललं नाही. धापूबाईंनी डबा उघडायला घेतला. झुंबरबाई म्हणाल्या, "बहीण थांबस, त्यामा इचारानं काय?" चेलना म्हणाली, वडिलांजवळ मुलगी थांबते. सुकदेव म्हणाला, उचलाउचली करायला पुरुष लागतो. प्रकाशचंदांनी फक्त पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि बऱ्हाट्यांकडे पाहिलं.

"पेशंटलाच विचारा," नर्स वैतागून म्हणाली. "काका, सांगा लवकर. कुणाला निवडताय?"

बऱ्हाट्यांनी पाचही चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, तोंड थोडं उघडं टाकलं आणि भुलीचा अंमल अजून उतरलेला नाही अशा माणसासारखे ते सावकाश, खोल श्वास घेऊ लागले.